डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ

जाफराबाद तालुक्यात कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की घरचे जालन्याचं जिल्हा रुग्णालय गाठतात, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. जीव वाचतो. काही दिवसांनी डिस्चार्ज कार्डावर 'फिजिओथेरपी सुरू ठेवा' एवढी ओळ लिहून मिळते आणि माणूस घरी येतो. सारा घोळ त्या ओळीनंतरचा आहे. लकव्यानंतर हालचाल परत येण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि व्यायाम तेव्हाच हवा असतो. पूर्णाकाठच्या गावातून त्यासाठी दर दोन दिवसांनी जालन्याला जायचं, तर गाडीभाडं जातं आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत सोबत तरी कोण येणार? मग खांदा आखडतो, मूठ मिटलेलीच राहते. लोक याला नशीब म्हणतात. मला मात्र तो अर्धवट सोडलेला उपचार दिसतो, आणि तो रुग्णाने सोडलेला नाही.

पुनर्वसनाचं हे शास्त्र महाराष्ट्राला नवं नाही. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचं, मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय संस्था १९५५ची. पण ज्ञान मोठ्या शहरांत राहिलं आणि तालुक्याच्या वाट्याला शिबिर आलं. केंद्र सरकारची दिव्यांगांना साहित्यवाटपाची 'एडिप' योजना १९८१पासून चालू आहे. तिने अनेकांना तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्रं दिली, हे मान्यच. तरी मळणी यंत्रात हात गेलेल्याला नुसता कृत्रिम हात देऊन भागत नाही. तो वापरायला शिकवणारं, खोबणीखालची कातडी सोलवटली तर पाहणारं, पट्टा तुटला तर जोडून देणारं माणूस जवळ लागतं. ते नसलं की हात फडताळात जातो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७वरून २१ केले. पण त्याच कायद्याचं कलम २७ पुनर्वसनाची जबाबदारी सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत ठेवतं. ही पळवाट फार रुंद आहे. शिवाय उपचार आरोग्य खात्याकडे, साहित्य सामाजिक न्यायाकडे. राज्यात डिसेंबर २०२२पासून दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग झाला. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे मदत व्यंग पक्कं झाल्यावर. ते टाळण्याचे तीन महिने कोणत्याच खात्याचे नाहीत. आयुष्मान भारतच्या विम्यात डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपुरता. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत पुनर्वसनाला स्वतंत्र मथळा नाही. जगात सुमारे २४० कोटी लोकांना अशा सेवेचा उपयोग होईल, असा २०१९च्या आकडेवारीवरचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१७मध्येच ही सेवा आरोग्यव्यवस्थेच्या आत आणा असं बजावलं होतं.

२०२४मध्ये जालना आणि बुलढाणा या दोन्ही जिल्ह्यांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं मिळाली. जाफराबाद नेमकं या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. या महाविद्यालयांतल्या फिजिओथेरपिस्टने ठरलेल्या वारी जाफराबादच्या ग्रामीण रुग्णालयात बसावं आणि लकव्याच्या रुग्णाचं डिस्चार्ज कार्ड त्याच दिवशी गावच्या आशाताईला कळवलं जावं. सांधे आखडू न देण्याचे साधे व्यायाम तिला शिकवता येतात, मात्र त्या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळालाच पाहिजे. यासाठी नवी इमारत लागत नाही. पदं मंजूर करून ती भरावी लागतील आणि तिन्ही खात्यांना एका रुग्णाची एकच फाइल ठेवावी लागेल.