ढिंच्याक गाणं आणि एम-थ्रीची केटी

गेल्या महिन्यात आमची इंजिनिअरिंगची बॅच जमली. जेवणं उरकली, शुगर-बीपीच्या गोळ्यांची देवाणघेवाण झाली आणि कुणीतरी स्पीकरवर ‘मेड इन इंडिया’ लावलं. गुडघ्याला पट्टा बांधलेली मैत्रीण सगळ्यांआधी उठली. गाणं संपेस्तोवर आम्हा दोघींचे डोळे ओले.

आता, केकेच्या ‘पल’वर रडू आलं तर समजू शकतं, १९९९ चं ते गाणं मुळातच निरोपाचं. पण १९९५ चं अलिशा चिनॉयचं हे उडतं गाणं? संगीत बिद्दूंचं, म्हणजे ‘आप जैसा कोई’वाल्यांचं. रडवण्याशी त्याचा काय संबंध?

माझा अंदाज असा: दुःखी गाणं आपण बसून ऐकतो. ढिंच्याक गाणं कुणी बसून ऐकत नाही. ते कॅन्टीनमध्ये, सहलीच्या एसटीत नुसतं चालू असतं आणि आपण दुसऱ्याच उद्योगात असतो. मग तो उद्योगच गाण्याला चिकटतो. मला आजही त्यासोबत उतरत्या सेलवरचा वॉकमन आठवतो: आवाज जड, घोगरा होत गेला की आम्ही सेल काढून दातांनी चावायचो. (करू नये. पण चालायचे!)

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे सर्वांत दाट असतात. मानसशास्त्रात त्याला ‘रेमिनिसन्स बम्प’ म्हणतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिल्यांदा घर सोडणं, सगळं तिथेच. अमेरिकेत संशोधक पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये तरुणांना त्यांच्या लहानपणीची, शाळकरी वयातली पॉप गाणी ऐकवून मेंदूचे स्कॅन काढले. ओळखीच्या, आठवण जागवणाऱ्या गाण्यांना कपाळामागचा भाग जास्त प्रतिसाद देत होता. स्वतःविषयीचा विचारही तिथेच चालतो.

मात्र ‘काय बिनधास्त दिवस होते’ हे मला पटत नाही. फीचे हप्ते थकायचे, होस्टेलच्या फोनसमोर रांग असायची. कटू प्रसंगांची धार गोड प्रसंगांपेक्षा लवकर बोथट होते, एवढंच. ठेका तेवढा जसाच्या तसा राहतो.

हे मी त्या रात्री बॅचला ऐकवलंही. पट्टेवाली धापा टाकत म्हणाली, “बिनधास्त नव्हते कसे? याच गाण्यावर गॅदरिंगची तालीम करत बसलीस, म्हणून तर गणितात, एम-थ्रीत नापास होऊन केटी लागली तुला!”