कुत्र्याला मरणाची चाहूल लागते काय?

रात्रीची वेळ असावी, वस्तीत कोणीतरी आजारी असावे आणि नेमके अशा वेळी गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याने हेल काढून रडायला सुरुवात करावी. बस्स! घराघरांतून 'हाड् हाड्' सुरू होते. कोणी दगड भिरकावतो, कोणी चप्पल फेकतो आणि वडीलधारी माणसे हळूच म्हणतात, "त्याला यम दिसला. आता काही खरे नाही." हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. घरातले देव्हारे गेले, नवससायास गेले. परंतु कुत्र्याचे रडणे ऐकले की अजूनही छातीत धस्स होते. म्हणून या समजुतीत खरे किती आणि खोटे किती, हे समाजबांधवांपुढे व विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

समजूत किती जुनी?

ही समजूत आजकालची नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांचे वर्णन आहे. चार डोळ्यांचे हे कुत्रे यमाचे दूत म्हणून माणसांमध्ये फिरतात, अशी ती कल्पना. पारशी समाजात मृत शरीरावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' नावाचा विधी आहे. म्हणजे कुत्रा आणि मरण यांची सांगड माणसाने हजारो वर्षांपूर्वीच घातली. परंतु एखादी समजूत जुनी आहे म्हणून ती खरी ठरत नाही. ती तपासूनच घ्यावी लागते.

नाकाची करामत

प्रथम कुत्र्याच्या बाजूने बोलू. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींहून अधिक असतात. आपले शरीर सतत अनेक सूक्ष्म वायू बाहेर टाकीत असते. आजारात त्यांचे प्रमाण बदलते. आपल्याला तो फरक कळत नाही, कुत्र्याला कळू शकतो.

१९८९ मध्ये इंग्लंडमधील दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका स्त्रीची हकिगत कळविली. तिचा कुत्रा तिच्या पायावरील एकच तीळ वारंवार हुंगत असे. तपासणी केली तेव्हा तो त्वचेचा कर्करोग निघाला. २००४ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाबाबत रीतसर प्रयोग झाला. लघवीच्या सात नमुन्यांतून रोग्याचा एक नमुना शिकविलेल्या कुत्र्यांनी ओळखायचा होता. नुसत्या अंदाजाने शंभरात चौदा वेळा बरोबर येते. कुत्र्यांचे एकेचाळीस वेळा आले. हे अंदाजापेक्षा पुष्कळच अधिक, परंतु निम्म्याहून जास्त वेळा चुकले हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २०२२ मध्ये बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठात तर मानसिक ताण आलेल्या माणसाचा घाम व श्वास कुत्र्यांनी ७२० पैकी ६७५ वेळा अचूक ओळखला.

तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शरीरातील बदल त्याच्या उशापायथ्याशी बसणाऱ्या घरच्या कुत्र्याला जाणवणे शक्य आहे. अन्न तुटले की शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, श्वासाला वेगळा वास येतो, श्वासाची लय बदलते, हातपाय गार पडतात. घरातली माणसेही रडवेली झालेली असतात. हे सारे कुत्रा टिपतो व बेचैन होतो.

मग मरण कळते काय?

येथेच आपण घोटाळा करतो. आजाराचा वास येणे वेगळे आणि मरण कळणे वेगळे.

अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराच्या एका शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचे मांजर होते. ते अखेरच्या घटका मोजणाऱ्या रुग्णाच्या बिछान्यात जाऊन बसे. डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि मांजर जगभर गाजले. पंचवीसहून अधिक रुग्णांच्या बाबतीत असे घडल्याचे त्यांनी नमूद केले. परंतु तो पाहिलेल्या गोष्टींचा वृत्तान्त होता, काटेकोर प्रयोग नव्हता. कुत्र्यांच्या बाबतीतही अशा हकिगती पुष्कळ आहेत. हकिगत विचार करायला लावते. तिने सिद्ध काहीच होत नाही.

उलट जपानमधील हाचिको या कुत्र्याचे उदाहरण पाहा. त्याचे धनी प्राध्यापक उएनो २१ मे १९२५ रोजी कामाच्या ठिकाणीच वारले. हाचिको मात्र त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे, म्हणजे मार्च १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत, शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. जगातील सर्वांत इमानी म्हणून गणला गेलेला हा कुत्रा! त्याला दूरवर झालेले धन्याचे मरण समजले असते, तर तो रोज स्टेशनवर कशाला गेला असता?

रस्त्यावरचे कुत्रे का रडते?

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. लांबवर आवाज पोहोचविण्यासाठी हेल काढणे ही त्याची उपजत बोली आहे. पांगलेल्या सोबत्यांना हाक मारण्यासाठी, आपली हद्द सांगण्यासाठी, दुखण्याने, एकटेपणाने, कारखान्याच्या भोंग्याला साथ म्हणून तो असा ओरडतो. शिवाय ज्या घरात माणूस अत्यवस्थ असतो, तेथे अपरात्री दिवे लागतात, दारे वाजतात, परगावचे पाहुणे येतात. गल्लीतले कुत्रे या हालचालीनेच चाळवते. म्हणजे कुत्रे रडले म्हणून माणूस अत्यवस्थ होत नाही. माणूस अत्यवस्थ झाल्यामुळे उडालेल्या धांदलीने कुत्रे जागे होते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. कुत्रे रडले आणि कोणी वारले, ती रात्र आपण जन्मभर सांगतो. कुत्रे रडले आणि काहीच झाले नाही, अशा शेकडो रात्री विसरून जातो. फक्त जमेचीच बाजू लिहायची आणि नावे बाजू कोरी ठेवायची, अशी खतावणी कोणत्याही बँकेत चालणार नाही. विद्यार्थ्यांनी एक वही करावी. कुत्रे रडल्याची प्रत्येक रात्र महिनाभर लिहावी आणि समोर वस्तीत काय घडले ते मांडावे. उत्तर आपोआप मिळेल.

आमच्या घरची गोष्ट

हे सर्व आम्ही पुस्तकातून शिकलो असे नाही. आमच्या आईला मधुमेह होता. एकदा तापामुळे ती दिवसभर जेवली नाही, गोळी मात्र नेमाने घेतली. रात्री तिला दरदरून घाम सुटला, ती असंबद्ध बोलू लागली. त्याच वेळी बाहेर कुत्र्याने गळा काढला. जमलेल्या नातलगांपैकी कोणी म्हणाले, "आता हलवू नका, जीव घोटाळतोय. घशात पाणी घाला." आणि सांगायला लाज वाटते, पण पदवीधर असलेले आम्हीही पाण्याचा पेला हातात घेऊन उभे राहिलो. शेजारच्या खोलीतल्या परिचारिका ताई आल्या म्हणून बरे. त्या म्हणाल्या, "कुत्र्याला काय विचारता? आधी रिक्षा बोलवा!" दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावली आणि पहाटे आईने चहा मागितला. रक्तातील साखर एकदम उतरली होती, एवढेच. त्यानंतर ती सात वर्षे जगली. त्या सात वर्षांत कुत्री किती रात्री रडली असतील! आणि ती खरोखर गेली त्या रात्री गल्लीत एकाही कुत्र्याने आवाज केला नाही.

साखर उतरली की माणसाचा श्वास बदलतो आणि शिकविलेले कुत्रे ते ओळखून धन्याला सावध करतात. म्हणजे कुत्र्याच्या नाकाला कळले तरी कळतो तो आजार, आणि आजारावर उपाय असतो. ज्या खुणेने डॉक्टरकडे धावायचे, त्या खुणेने आपण हातपाय गाळून बसलो, तर चूक कुत्र्याची नव्हे.

तथागतांची शिकवण

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, केवळ परंपरेने चालत आले किंवा ऐकीव आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. कावळ्याच्या ओरडण्यावरून भविष्य सांगण्यासारख्या विद्यांना दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात हीन लेखले आहे. एकदा तथागतांना शिंक आली तेव्हा भिक्खू "दीर्घायू व्हा" म्हणाले. त्यावर, तेवढ्याने कोणी जगतो किंवा मरतो काय, असा प्रश्न तथागतांनी त्यांना विचारला. शिंकेने आयुष्य वाढत नाही, तसे कुत्र्याच्या रडण्याने ते सरतही नाही. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दैवी चमत्कारावरील विश्वास म्हणजे धम्म नव्हे, असे स्पष्ट केले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते शोधायचे असते.

तेव्हा बंधुभगिनींनो, यापुढे रात्री कुत्रे रडले तर त्या मुक्या जिवाला दगड मारू नका. त्याला भूक लागली असेल, थंडी वाजत असेल. जमल्यास भाकरीचा तुकडा टाका. आणि घरात कोणी आजारी असेल, तर उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहा, गरज वाटल्यास रात्रीच दवाखाना गाठा. करुणा आणि प्रज्ञा या दोन्ही गोष्टी इतक्या साध्या कृतीत सामावलेल्या आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!