ह्यूबर्ट ओगुंडे : रंगमंचावरून पडद्यावर

नट म्हणजे केवळ लोकांची करमणूक करणारा, असे ज्यांना वाटते त्यांनी ह्यूबर्ट ओगुंडे यांचे चरित्र अवश्य पाहावे.

नायजेरियातील ओसोसा गावी १९१६ साली त्यांचा जन्म झाला. पोलिसाची नोकरी सोडून १९४५ मध्ये त्यांनी धंदेवाईक नाटक मंडळी काढली. त्याच वर्षी देशात कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. त्यावर त्यांनी ‘संप आणि भूक’ हे नाटक रचले. जोस शहरात इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली.

१९६० साली स्वातंत्र्य आले. पण बंदी काही सुटली नाही! ‘योरुबांनो, विचार करा’ असे बजावणाऱ्या ‘योरुबा रोनू’ या नाटकामुळे १९६४ मध्ये पश्चिम प्रांताच्या स्वकीय सरकारनेच मंडळीचे प्रयोग बंद केले. ओगुंडे यांनी उत्तर दिले तेही नाटकानेच. त्याचे नाव होते ‘सत्य कडू असते’. बंदी उठली ती १९६६ साली.

साठी ओलांडल्यावर ते चित्रपटांकडे वळले. ‘आइये’ (१९७९) व ‘जाइयेसिमी’ (१९८०) यांतून योरुबा भाषा, गाणी, नृत्ये आणि मंत्रतंत्र पडद्यावर आले. १९९० मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

नायजेरियाचा चित्रपटधंदा पुढे खूप फोफावला. त्याची मुळे मात्र गावोगाव हिंडणाऱ्या अशा नाटक मंडळ्यांत आहेत, हे विसरता येणार नाही.