पानाला भाषा देणारे वॉर्नॉक

सातबारा उतारा असो वा परीक्षेचं हॉल तिकीट, पीडीएफ कुठल्याही संगणकावर उघडा, पान तसंच्या तसं दिसतं. या भरवशाचं बरंचसं श्रेय जॉन वॉर्नॉक या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाला जातं.

नववीत बीजगणितात नापास झालेल्या वॉर्नॉक यांनी पुढे गणितातच पदव्या मिळवल्या आणि १९६९मध्ये युटा विद्यापीठातून पीएच.डी. केली. पडद्यावरच्या त्रिमितीय चित्रात कोणता पृष्ठभाग कशामागे झाकला जातो, हे संगणकाने कसं ओळखावं, हा त्यांचा प्रश्न होता. चित्राचे चार चौकोन करायचे, गुंता उरेल त्या चौकोनाचे पुन्हा चार, ही त्यांची रीत आज ‘वॉर्नॉक अल्गोरिदम’ म्हणून शिकवली जाते.

१९७८मध्ये ते झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गेले. तिथे चक गेश्के यांच्या गटात ‘इंटरप्रेस’ ही छपाईची भाषा तयार झाली, पण कंपनी ती बाजारात आणायला तयार होईना. अखेर दोघांनी नोकरी सोडली आणि डिसेंबर १९८२मध्ये कंपनी काढली. वॉर्नॉक यांच्या घरामागच्या ओढ्यावरून तिचं नाव ठेवलं ‘अडोबी’.

त्यांच्या ‘पोस्टस्क्रिप्ट’ या छपाईच्या भाषेत अक्षर ठिपक्यांनी साठवलेलं नसतं. त्याची कड कोणत्या बिंदूंतून कशी वळते, याचं गणिती वर्णन असतं. ‘क’ची गाठ असो की वेलांटीचा बाक, ठिपके किती आणि कुठे उमटवायचे हे प्रिंटर ऐनवेळी ठरवतो. त्यामुळे एकच फाइल ३०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवरही छापता येते आणि छापखान्यातल्या कितीतरी बारीक छपाईच्या यंत्रावरही. १९८५मध्ये ॲपलच्या लेझररायटरमध्ये ही भाषा आली. त्याच वर्षी आल्डस कंपनीचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं आणि टेबलावर पान लावण्याचं डीटीपी युग सुरू झालं. पुढे मराठी प्रकाशन व्यवसायातही पेजमेकर रुळला.

अडोबीने या भाषेचं व्याकरण पुस्तकरूपाने सर्वांसाठी खुलं केलं, हा निर्णय मला तंत्राइतकाच मोलाचा वाटतो. इतरांना त्यावर स्वतःची सॉफ्टवेअर उभारता आली. १९९३मध्ये अडोबीनेच आणलेल्या पीडीएफलाही हाच धडा लागू पडला. वाचायचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत होतं तोवर प्रसार मंद होता. ते मोफत झालं आणि पीडीएफ जगभर पोचलं. २००८मध्ये तर ते आंतरराष्ट्रीय मानक झालं.

वॉर्नॉक २०२३मध्ये गेले. उत्तम संशोधन कपाटात अडकू नये म्हणून संशोधकाने उद्योजक व्हावं आणि उद्योजकाने ज्ञान खुलं ठेवावं, या दोन्ही गोष्टी त्यांनी करून दाखवल्या. आपल्या विद्यापीठांमधल्या तरुण संशोधकांनी अभ्यासावी अशी ही कारकीर्द आहे.