मेनूतील चालू पृष्ठाचा निर्देश

संकेतस्थळाच्या निरनिराळ्या पृष्ठांकडे नेणाऱ्या दुव्यांच्या सूचीत, म्हणजे मेनूत, वाचक ज्या पृष्ठावर असेल त्या पृष्ठाचे नाव इतर नावांहून वेगळे दाखविण्याची योजना. ‘आपण कोठे आहोत’ या प्रश्नाचे उत्तर देणे हा तिचा हेतू होय. मुद्रित शब्दकोशात पानाच्या माथ्यावर छापलेले शब्द जे काम करतात, साधारणतः तेच काम ही खूण करते. शोधयंत्रावरून येणारा वाचक पुष्कळदा मुखपृष्ठ न पाहता थेट आतल्या पृष्ठावर उतरतो. अशा वेळी या खुणेची गरज विशेष भासते.

इतिहास : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. आधी पाहिलेले व न पाहिलेले दुवे वेगळ्या रंगांत दाखविण्याची सोय ब्राउझरांत लवकरच आली. तथापि तिच्यामुळे वाचक कोठे जाऊन आला हे कळते, तो सध्या कोठे आहे हे कळत नाही. होकून व्हियूम ली यांनी १९९४ मध्ये सुचविलेल्या शैलीपत्रकांच्या (सीएसएस) पहिल्या आवृत्तीस डिसेंबर १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पृष्ठाचा मजकूर आणि त्याचे रूप ही त्यामुळे परस्परांपासून वेगळी ठेवता येऊ लागली व चालू पृष्ठाची खूण एकाच ठिकाणाहून नियंत्रित करणे शक्य झाले.

पद्धती : मेनू सर्व पृष्ठांवर सारखाच असतो, खूण मात्र प्रत्येक पृष्ठावर निराळ्या नावावर पडावी लागते; मुख्य अडचण हीच आहे. ती तीन प्रकारे सोडवितात. (१) प्रत्येक पृष्ठाला एक ओळखनाम देऊन शैलीपत्रकात त्या नावाची मेनूतील नावाशी सांगड घालतात. लहान संकेतस्थळांना ही रीत पुरते. परंतु पृष्ठे वाढली की नियमही वाढतात. (२) सेवासंगणक (सर्व्हर) पृष्ठ पाठविण्यापूर्वीच मागितलेल्या पत्त्याची प्रत्येक दुव्याशी तुलना करतो व जुळणाऱ्या दुव्यावर खूण घालतो. (३) हेच काम वाचकाच्या ब्राउझरात जावास्क्रिप्टद्वारे होते. पृष्ठ पुन्हा न उतरविता केवळ मजकूर बदलणाऱ्या संकेतस्थळांत प्रत्येक बदलाबरोबर जुनी खूण काढून नवी घालावी लागते.

पत्त्यांची तुलना दिसते तितकी सोपी नसते. पत्त्याच्या शेवटची तिरपी रेघ किंवा प्रश्नचिन्हापुढील भाग यांमुळे एकाच पृष्ठाचे पत्ते भिन्न दिसू शकतात. उलट, पत्त्याचा केवळ आरंभ जुळविल्यास मुखपृष्ठाचा पत्ता सर्वच पत्त्यांशी जुळतो व ‘मुखपृष्ठ’ हे नाव कायमच ठळक राहते. म्हणून मुखपृष्ठासाठी पूर्ण जुळणी आणि विभागांसाठी आरंभीची जुळणी असा भेद करतात.

दृश्य रूप : रंग, पार्श्वभूमी, अक्षरांचा ठळकपणा, कडेची रेघ इत्यादी साधने वापरतात. ठळक अक्षरे अधिक जागा व्यापत असल्याने शेजारची नावे सरकतात. रेघेसाठी सर्व नावांखाली आधीच जागा राखून ठेवली, तर हा दोष टळतो. देवनागरीत विशेष काळजी घ्यावी लागते. अक्षरांना चिकटून काढलेली अधोरेषा उकार व ऋकार यांना छेदते, तर वरची रेघ शिरोरेषेत व मात्रांत मिसळते. बारीक आकाराच्या ठळक टंकात जोडाक्षरांतील पोकळ्या भरून जातात. त्यामुळे अक्षरांपासून पुरेसे अंतर ठेवून काढलेली रेघ किंवा पार्श्वभूमीतील बदल मराठी मेनूस अधिक सोयीचा ठरतो.

सुगमता : केवळ रंगाने केलेली खूण रंगांधळ्या व्यक्तींना ओळखता येत नाही, तर कोणतीही दृश्य खूण अंध व्यक्तींपर्यंत पोहोचत नाही. वेब सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीनुसार माहिती देण्यासाठी रंग हे एकमेव साधन असू नये, आणि सामान्य आकाराचा मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. अंध वाचकांसाठी डिसेंबर २०१७ मध्ये प्रमाणित झालेल्या नियमावलीत ‘एरिआ-करंट’ हा गुणधर्म आहे. दुव्याला तो जोडून त्याचे मूल्य ‘पेज’ ठेवल्यास पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली त्या नावाबरोबरच ते चालू पृष्ठ असल्याचेही सांगते. एका सूचीत हा गुणधर्म एकाच घटकास द्यावयाचा असतो. म्हणून वरच्या विभागाचे नाव निराळ्या, सौम्य खुणेने दाखवितात. दृश्य खूणही याच गुणधर्मावरून काढण्याचा नियम शैलीपत्रकात केल्यास डोळ्यांना दिसणारे व कानांना ऐकू येणारे यांत तफावत पडत नाही. शासकीय सेवांचे अर्ज व दाखले संकेतस्थळांवरून दिले जात असल्यामुळे या गोष्टीला केवळ सोयीपलीकडचे महत्त्व आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही (पहिली आवृत्ती २००९, तिसरी २०२३) सुगमतेला स्थान दिलेले आहे.