वाक्य तुटलं, की चाला!

रक्तातली साखर वाढली, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुण्यातल्या एका धावक मंडळात नाव घातलं. पहाटे हनुमान टेकडीच्या पायथ्याशी पाहतो तो काय, शिकवायला माझाच जुना विद्यार्थी! शंभर पावलांत मला धाप लागली.

‘सर, बोलता येईल एवढ्याच वेगानं पळा. वाक्य तुटलं, की चाला.’

वीस वर्षं वर्गात अखंड बोलणाऱ्या माझं वाक्य कर्त्यापाशीच तुटलं!

उतरताना विचारलं, ‘तासाला रोज उशीर का व्हायचा रे तुला?’

‘इथं पळायला यायचो, सर.’

१९२० साली अँटवर्प ऑलिंपिकात मॅरेथॉन धावलेल्या बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांचं कौतुक मी वर्गात सांगितलं, तेव्हाही तो दाराबाहेरच उभा होता; मीच केलेला.

हल्ली पहाटे मला उशीर होतो. तो थांबतो.