एक तास, एकच गाणं!

गाणं किती मिनिटांचं असावं? तीन? फार तर पाच? नॉर्वेच्या एका बँडचं उत्तर आहे, पूर्ण ६०! फार कुणी न ऐकलेल्या एका भन्नाट अल्बमची ही ओळख...

आवडलं तर रिपीट, नाही आवडलं तर नेक्स्ट. गाणी ऐकण्याचा आपला फंडा एकदम सिंपल! पण समजा, अख्ख्या अल्बमवर गाणंच एक असेल तर? 'नेक्स्ट' दाबलं की अल्बमच संपला!

'लाइट ऑफ डे, डे ऑफ डार्कनेस' हा तसला अल्बम आहे. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्रिस्तियानसान शहरातल्या 'ग्रीन कार्नेशन' या बँडने तो २००१ साली काढला. गाणं एक, लांबी ६० मिनिटं ६ सेकंद. गिमिक वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पण त्यामागची गोष्ट कळली आणि माझं मत बदललं.

आधी काळोख

बँडचा गिटारिस्ट आणि कर्ताधर्ता तेर्ये विक शेई. सगळे त्याला 'चॉर्ट' म्हणतात. रशियन भाषेत याचा अर्थ सैतान! १९९० मध्ये त्याने बँड सुरू केला, पण पुढे तो 'एम्परर' या ब्लॅक मेटल बँडमध्ये बास वाजवायला गेला. एम्पररच्या १९९४ च्या गाजलेल्या अल्बमवर त्याचाच बास आहे. तेव्हा नॉर्वे म्हटलं की डोळ्यांसमोर यायचे रंगवलेले चेहरे, किंकाळ्या आणि जाळलेली चर्चेस.

१९९८ मध्ये चॉर्टने ग्रीन कार्नेशन पुन्हा उभा केला. पण आता सैतान बाजूला पडला होता. त्याची चिमुकली मुलगी गेली होती. २००० सालचा पहिला अल्बम त्या दुःखातून आला. मग मुलगा झाला, आणि हे एका तासाचं गाणं त्या दोन्ही घटनांवर उभं राहिलं. आपल्याकडे सुतक फिटल्याशिवाय बारशाचा विषय कुणी काढत नाही. इथे एकाच बापाच्या मनात दोन्ही एकदम चालू आहेत. अशा गोष्टीचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे कसे पाडणार?

मग उजेड

सुरुवात हळू होते. मग जड गिटार आणि अँडर्स कोब्रोचे दणदणीत ड्रम्स. गायक शेटील नूरहुस बहुतेक वेळ ओरडत नाही, मोकळ्या गळ्याने सरळ गातो. अधूनमधून कोरस येतो आणि सगळं एखाद्या चर्चइतकं मोठं वाटायला लागतं.

आणि मध्यावर चक्क सगळं थांबतं. उरतो फक्त एका बाईचा शब्दांविना गाणारा आवाज आणि सॅक्सोफोन. कितीतरी मिनिटं! खरं सांगते, पहिल्या दोन वेळा हा भाग मी पुढे ढकलला. तिसऱ्यांदा ढकलला नाही, आणि तेव्हा लक्षात आलं, बोलता येत नाही अशी जागा या गाण्यात हीच आहे. त्यानंतर गिटार परत येते, तेव्हा अक्षरशः हायसं वाटतं.

अल्बम परफेक्ट आहे का? नाही. काही रिफ्स गरजेपेक्षा जास्त फिरतात, थोडी कात्री चालली असती. पण तासभराचा बडा ख्याल मांडी घालून ऐकणाऱ्यांची आपण नातवंडं. एवढा पेशन्स तर रक्तातच असायला हवा, नाही का?

मग हिट का नाही?

एक तासाचं गाणं रेडिओ लावणार कसं? त्यात २००१ हेच साल 'टूल'च्या 'लॅटरलस'चं आणि स्वीडनच्या 'ओपेथ'च्या 'ब्लॅकवॉटर पार्क'चं. जड आणि गुंतागुंतीचं संगीत ऐकणाऱ्यांचे कान तिकडेच होते. पुढे बँडनेही वाट बदलली. २००३ च्या अल्बममध्ये नेहमीच्या लांबीची गाणी आली, २००६ मध्ये तर अख्खा अकूस्टिक अल्बम. २००७ मध्ये बँड फुटला. आजच्या स्ट्रीमिंगच्या हिशोबातही हा तास म्हणजे फक्त एक प्ले, तीन मिनिटांच्या गाण्याइतकाच!

पण पुढे ही मंडळी पुन्हा जमली आणि २०१६ मध्ये, अल्बमला १५ वर्षं झाली तेव्हा, हे गाणं त्यांनी स्टेजवर अख्खं वाजवलं. तोवर तो मुलगा पंधराच्या आसपास पोचला असेल. मुलगी मात्र त्या गाण्यात होती तेवढीच राहिली.

कसं ऐकाल?

* शफल बंद, फोन सायलेंटवर.
* जाता-येता तुकड्यांत नको. रविवार संध्याकाळ बेस्ट.
* मधला भाग ढकलायचा नाही. प्रॉमिस?